कोरा झेंडा

“उस्ताद, एखादा झेंडा असेल का? तुर्की झेंडा दिसला की दंगेखोर दुकान सोडतायत म्हणे.” बेशीर दारात टोपी चुरगाळत उभा होता.

चॅनेलवाल्यांनी तीन दिवस एकच धोशा लावला होता: सिरियनाने बाईला भोसकलं. कोण सिरियन, कुठली बाई, देव जाणे! पण तुर्कस्तानातल्या या अंतेप शहरात गल्लोगल्ली काचांचा खच पडला होता.

तुर्गुतला बाईचं सोयरसुतक नव्हतं. त्याला सलत होती सिरियन बेशीरची शेजारची पावाची भट्टी. सगळी गिऱ्हाइकं तिकडे सरकली होती. असंच चाललं तर बापजाद्यांची भट्टी विकावी लागणार, म्हणून तो आतल्या आत जळत होता.

त्याने फळीवरून कोरं पाकीट काढलं. “घे. नवा आहे.”

“नवा मला, आणि तुमच्या दारावर तो विटका, उसवलेला? बरं नाही दिसत हो, उस्ताद.”

“गुमान घे रे. पाहुणा ना तू आमचा!”

बेशीरचे डोळे भरून आले. बावळट लेकाचा, तुर्गुत मनात म्हणाला.

गल्ल्यावर बसलेल्या फहिमे आईने बेशीरला अरबीत दुवा दिली. ती सीमेलगतच्या हर्रानकडची. पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच, पण घरची बोली अरबी. घाबरली की तिला तुर्कीचा एक शब्द सुचत नसे.

“आई, आज तरी तुर्कीत बोल. नाहीतर घरी जा.”

“माझं दूध पिताना अरबी चालली ना, मेल्या? माझ्या दुकानातून मी का पळू? तू जा, तुझं काम कर.”

तुर्गुत हसला. आपल्या दारावर जुना झेंडा आहे, आईला कोण हात लावतोय?

त्याचं आजचं काम चॅनेलच्या स्टुडिओत होतं; गल्लीतला जुना दुकानदार म्हणून त्याला बोलायला बोलावलं होतं. निवेदकाने माईक पुढे करताच तो घडाघडा बोलला, “झेंड्याला भुलू नका. आमचे झेंडे उन्हापावसात विटलेत. ज्याच्यावर पाकिटातल्या घड्या दिसतील ना, तो समजा सिरियन!”

त्याचं वाक्य पडद्यावर लाल अक्षरांत फिरू लागलं. तासाभरात तुर्गुतच्याच गल्लीचं थेट चित्रण सुरू झालं. हातांत सळ्या घेतलेली पोरं दारोदार झेंडे चाचपत होती.

बेशीरच्या दाराशी ती थांबली. तिथला झेंडा विटका होता, कडेला उसवलेला. पोरांनी त्याला सलाम ठोकला आणि ती पुढे गेली.

पुढची पाटी तुर्गुतच्या आजोबांनी रंगवलेली होती. तिच्यावर कोराकरकरीत झेंडा नीट, प्रेमाने ताणून बांधला होता. घड्या लांबूनही दिसत होत्या.

“आई!” तुर्गुत खुर्चीतून उठला. त्याचा माईक केव्हाच बंद केला होता.

काच फुटली. आतून एक म्हातारी जिवाच्या आकांताने ओरडली, अरबीत. मग ओरडणं थांबलं.

निवेदकाने तुर्गुतच्या खांद्यावर हात ठेवला आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं. “ऐकलंत ना, मंडळी? आमच्या तुर्गुत उस्तादांची खूण अगदी अचूक निघाली.”