हवा कुठली?

मोठा सोनेरी मासा पोट वर करून तरंगत होता. मुलगा हातात जाळी घेऊन उभा होता, पण ती पाण्यात घालायचा धीर त्याला होत नव्हता.

"हासुद्धा गेला, बाबा," तो म्हणाला.

बाहेरच्या खोलीची अख्खी भिंत त्या काचेच्या टाकीनं अडवली होती. परवापरवापर्यंत तिच्यात माशांची नुसती झुंबड असायची. आता उरलेसुरले वर येऊन पाण्याबाहेर तोंड काढत होते आणि धापा टाकत होते.

मुलानं करायचं ते सगळं केलं होतं. पाणी बदललं. त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकून पाहिले, रंग बरोबर आला. गाळणी धुतली. हीटर बंद ठेवून पाहिला. खाण्याचा जुना डबा फेकून नवा आणला. दुकानदारानं निळं औषध दिलं, तेही घातलं. त्यानं पाणी तेवढं निळं झालं.

"माझ्या हातचं खाऊन माणसं जगली," सून स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "आणि ह्यांच्या हातचं खाऊन मासे मरतायत." मग तिनंच आवाज खाली आणला. "हळू बोला, बबडी झोपलीय."

कुणी हसलं नाही. म्हातारा काचेला नाक लावून उभा होता. त्यानं उभा जन्म लोकांच्या घरचे नळ जोडण्यात घालवला होता. त्याला एकच विद्या येत होती. दुखणं कुठंही दिसो, पाइप हातात धरायचा आणि तो सुरू होतो तिथपर्यंत मागे मागे जायचं.

"ह्याच्यात काय काय जातं रे?" त्यानं विचारलं.

"पाणी जातं. खाणं जातं."

"आणि?"

"आणि काय, हवा."

"हवा कुठली?"

"कुठली म्हणजे? हवा ती हवा, बाबा. तिला काय गाव असतं?"

तळातून बुडबुड्यांची माळ वर येत होती. म्हाताऱ्यानं हवेची बारीक नळी चिमटीत धरली आणि तिच्या मागानं निघाला. नळी टाकीमागून खाली उतरली, भिंतीच्या कडेकडेनं गेली आणि एका भोकात शिरली.

ते भोक त्यानंच पाडलं होतं. हवेचा पंप पूर्वी टाकीखाली घरघरत असायचा. त्या घरघरीनं बाळ पटकन झोपतं, हे सुनेच्या ध्यानात आलं. मग पंप उचलून आतल्या खोलीत नेला आणि पाळण्याखाली ठेवला. माशांना हवा, नातीला अंगाई. "एका दगडात दोन पक्षी," असं म्हातारा तेव्हा म्हणाला होता.

त्याची चिमूट भोकाशीच थांबली.

"काय झालं?" मुलानं विचारलं.

म्हाताऱ्यानं नळी सोडली. तो आत गेला.

बाळाला वारा लागू नये म्हणून खिडकी बंद होती. पंप चालू होता. रोजच्या सवयीनं त्याला तो वास येईनासा झाला होता, तो आत्ता आला. पाळण्याखाली दुधाचे थेंब सांडायचे, त्यावर मुंग्या यायच्या. एकदा नातीच्या गालावर मुंगी चालताना दिसली आणि त्याच्या काळजाचं पाणी झालं. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी मुंग्यांच्या औषधाचा फवारा मारत होता. सून नको म्हणेल म्हणून कुणाला न सांगता. डबा कपाटामागे असायचा.

पंप त्याच हवेत बसून तीच हवा ओढत होता. आणि पंपाच्या वर, हातभर अंतरावर, नात झोपली होती.

"हल्ली फार गुणी झालीय हो," सून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "रडतच नाही. दूध पाजायलासुद्धा उठवावं लागतं."

म्हाताऱ्यानं तिला उचललं. मान लुळी पडली. ओल्या फडक्यासारखी ती त्याच्या हातावर लोंबली. त्यानं कोपरानं खिडकी ढकलून उघडली आणि तिला वाऱ्यात धरलं.

"बबडे. ए बबडे. ऊठ गं, माझे आई."

तळपायाला टिचकी मारली. पाय हलला नाही.

"अहो बाबा, काय करताय?" सून धावत आली. "आत्ता कुठं झोपलीय ती!"

"मुंग्यांचं औषध," म्हातारा म्हणाला. "पाळण्याखाली मारत होतो. रोज. मीच."

मुलाच्या हातातली जाळी गळून पडली. त्यानं वाकून पंपाची पिन हिसकली. घरघर थांबली. घर इतकं गप्प झालं की सुनेनं दोन्ही हात तोंडावर धरले.

म्हाताऱ्यानं पुन्हा टिचकी मारली, या वेळी जोरात, जशी त्यानं जन्मात कुठल्या लेकराला मारली नव्हती.

नातीचा ओठ थरथरला. आधी मांजराच्या पिलासारखा आवाज निघाला. मग तिनं टाहो फोडला.

सुनेनं तिला ओढून छातीशी धरलं आणि थोपटू लागली. "नाही गं, नाही गं, शू शू..."

"गप्प करू नकोस," म्हातारा म्हणाला. "तिला गप्प करू नकोस."

"डबा कुठंय?" मुलगा ओरडला. "डॉक्टरला दाखवावा लागेल. चला!"

मुलगा, सून, सगळे अनवाणीच जिना उतरले. पोरीच्या रडण्यानं जिना दणाणला. खालच्या मजल्यावरची म्हातारी दार उघडून बाहेर आली.

"अगबाई, का रडतेय पोर एवढी?"

म्हातारा सगळ्यांच्या मागून डबा घेऊन उतरत होता.

"रडतेय," तो तिला म्हणाला.

आणखी खाली एक दार उघडलं. तिथं कुणी काही विचारलं नव्हतं. तरी तो थांबला आणि त्यांनाही म्हणाला, "रडतेय."