चौदा नंबरचा तुकडा

राडोयेने टेबलावरचा काँक्रीटचा तुकडा उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि लगेच खाली ठेवला.

"पसंत नाही का?" शेजारच्या मिलुतिनने विचारलं. "दे इकडे, माझा घे. माझा बघ कसा, नवरीच्या गालासारखा."

"राहू दे," राडोये म्हणाला. "हाच बरा."

अग्निशामक दलाच्या सभागृहात अकरा इंजिनियर बसले होते. बहुतेक साठीच्या पुढचे. दर पाच वर्षांनी हे दोन दिवसांचं शिक्षण घेतल्याशिवाय परवाना पुढे चालत नसे. एरवी सही करायची, मागच्या रांगेत डुलकी काढायची आणि प्रमाणपत्र घेऊन घरी जायचं, असा शिरस्ता होता. या वेळी बेलग्रेडहून स्लावेंका नावाची तरुण बाई शिकवायला आली होती. तिने दोन दिवस कोणाला झोपू दिलं नव्हतं.

शेवटच्या तासाला तिने एक पेटी उघडली. आत वीतभर लांबीचे गोल तुकडे होते. घरावर मजला चढवायचा अर्ज आला की नगरपालिका त्या घराच्या स्लॅबला भोक पाडून असा नमुना काढून नेई. तुकड्यावर फक्त नंबर. मालकाचं नाव बंद पाकिटात.

"हा खेळ नाही," तिने आधीच सांगितलं होतं. "तुम्ही लिहाल तोच शेरा अर्जाला लागणार. घर कोणाचं ते माहीत नाही, म्हणजे हात थरथरणार नाही."

राडोयेचाही अर्ज महिन्यापूर्वी गेला होता. त्याचा मुलगा लाझार अकरा वर्षं जर्मनीत होता. नातीला आजोबांशी बोलताना अजून बापाला मध्ये घ्यावं लागत होतं. "वरचा मजला झाला की येतो, बाबा," लाझार म्हणाला होता. "एका स्वयंपाकघरात दोन बायका नाही नांदायच्या. नाही जमलं तर इथेच घर घेतो." खिडक्या तर त्याने पाठवूनही दिल्या होत्या. त्या सहा खिडक्या अंगणात भिंतीला टेकून उभ्या होत्या. राडोयेची बायको रोज सकाळी त्यांच्या काचा पुसायची.

राडोयेने तुकडा पुन्हा हातात घेतला. करड्या गोट्यांत तीन-चार गुलाबी खडे होते. त्याने वरच्या टोकाला नख घासलं. नखाखाली वाळू आली.

"काका, काय दिसतंय?" स्लावेंका जवळ येऊन उभी राहिली.

"खडी सगळी खाली बसलीय. वर नुसता गिलावा. गोट्यांच्या पोटाखाली पोकळ्या आहेत. पाणी जास्त झालंय." त्याने तुकडा उलटा केला. "मिक्सरमध्ये नाही. ओतताना, वरून, नळीने. अकराच्या सुमारास."

मागून कोणीतरी हसलं. "घड्याळ सापडलं वाटतं आत!"

"कोकरू बाराला उतरतं," राडोये म्हणाला.

मग सगळेच हसले. त्या भागात स्लॅब टाकला जायचा तो असाच. शेजारीपाजारी घमेली घेऊन यायचे, नऊपासून आलुबुखाराची दारू फिरायची, अंगणात जेवणासाठी विस्तवावर सळीला लावलेलं कोकरू फिरत असायचं. काँक्रीट घट्ट असलं की काम रखडे, आणि काम रखडलं की कोकरू वाळे. मग खालून आरोळी येई, "अरे, सोडा की जरा पाणी!" तिथे बसलेल्या प्रत्येकाने ती आरोळी ऐकली होती. बऱ्याच जणांनी ठोकलीही होती.

स्लावेंका हसली नाही. "मग शेरा काय?"

"लिही, दुरुस्ती करून चालेल," मिलुतिन कुजबुजला. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्याने कोणाला नाही म्हटलं नव्हतं. "कोणाचं तरी पोर परत यायचं असेल, बाबा. कशाला कोणाचे तळतळाट घेतोस?"

"फेरतपासणी करावी, असंही लिहिता येतं," स्लावेंका म्हणाली.

राडोयेने कागद पुढे ओढला. 'या स्लॅबवर मजला चढवू नये,' असं त्याने लिहिलं. खाली सही केली. शिक्का काढला, त्यावर फुंकर घातली आणि जोराने दाबला.

"इतकं ठाम?"

"फेरतपासणीत काँक्रीट बदलत नाही, बाई."

तिने नियमाप्रमाणे चौदा नंबरचं पाकीट फोडलं. आतलं नाव वाचलं. मग कागदावरची सही वाचली. मग पुन्हा नाव वाचलं.

"काका," ती हळूच म्हणाली, "हे तर तुमचंच घर आहे."

मिलुतिनच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

"गुलाबी खडी माझ्या सासऱ्यांच्या ओढ्यातली," राडोये म्हणाला. "ट्रॅक्टरने आणली होती."

"स्वतःच्या घराचा शेरा मालकाने द्यायचा नसतो. हा कागद मला रद्द करावा लागेल. तुकडा दुसऱ्या कोणाला देते. मिलुतिनकाका लिहितील."

मिलुतिनने तुकडा घाईघाईने स्वतःकडे ओढला. "लिहितो की. आत्ता लिहितो. तुझा स्लॅब टाकला तेव्हा मी होतोच ना तिथे!"

राडोये उठला. कोट चढवून त्याने सावकाश बटणं लावली.

"तू कोकरू फिरवत होतास," तो म्हणाला. "नळी माझ्या हातात होती."