लढतीआधीची तपासणी

रोम शहराचा वाढदिवस होता. जुन्या ग्लॅडिएटरांच्या लढती करून दाखवणाऱ्या आमच्या मंडळाच्या खेळांतली शेवटची लढत सावेरियो आणि एर्मेतेची. एर्मेतेच्या स्कूटरवर मागे बसलेला सावेरियोचा लेक अपघातात गेला, त्यानंतर दोघं पहिल्यांदाच समोरासमोर उभे होते.

लढतीआधी समोरच्याची तलवार आपल्या तळहातावर ओढून ती बोथट असल्याची खात्री करायची, हा आमचा नियम. सावेरियोने तलवार पुढे केली. एर्मेतेने तिला हातही लावला नाही.

"राहू दे रे. तुझी काय तपासायची?"

ठरल्याप्रमाणे एर्मेते पडला. सावेरियोची तलवार त्याच्या गळ्यापाशी आली. आता हरलेल्याने बोट वर करून जीवदान मागायचं. एर्मेतेने बोट वर केलंच नाही. लोक चेकाळून ओरडत होते, "मार! मार!" शेवटी सावेरियोने तलवार लांब वाळूत भिरकावली.

तंबूत शिरताच त्याने एर्मेतेची गचांडी धरली. "बोट का नाही वर केलंस, गाढवा? खरंच मेला असतास!"

एर्मेते खाली बघत म्हणाला, "सकाळी तू तंबूमागे धार लावत होतास, तेव्हा मी आतच होतो."