वजन गेलं तेव्हा

विमान ह्यूस्टनवरून वर चढत होतं. आतली खुर्च्यांची जागा रिकामी केलेली होती. श्रीरंगने एका हाताने जमिनीवरचा पट्टा आणि दुसऱ्याने लेकीला घट्ट धरलं होतं. सानिकाचे पाय जन्मापासूनच हलत नव्हते आणि तिची व्हीलचेअर आज खाली विमानतळावरच राहिली होती.

"बाबा, आता विमान कमानीसारखं वळेल. मग ते आणि आपण एकत्रच पडायला लागू. वजन झीरो! इमॅजिन कर ना!"

"आणि तुला काही लागलं तर?"

"वजनच नसेल तर आपटेन कशी? सोड ना मला, प्लीज."

तेवढ्यात श्रीरंगचं अंग एकदम हलकं झालं. आजूबाजूची माणसं आनंदाने ओरडायला लागली. त्याने डोळे मिटले आणि तिचा हात सोडला.

सानिका अलगद वर गेली. छताला बोट टेकवून तिने एक कोलांटी घेतली, मग दुसरी, आणि हसत सुटली.

"ओ माय गॉड, बाबा! तुला मागे टक्कल पडलंय!"

श्रीरंगने डोळे उघडले. लेकीकडे मान वर करून बघायची त्याची ही पहिलीच वेळ होती.