अकूर

"आवाज चार, पण घर एक. अकूर व्हा रे पोरांनो, अकूर."

बाबांना जाऊन वीस वर्षं झाली, तरी गायकवृंदाची तालीम घ्यायला उभं राहिलं की योमिमाला हा आवाज ऐकू येई. डच गेले, त्यांचा शब्द अंबोन बेटावरच राहिला. चार सूर एकत्र उमलले की अकोर, माणसं गुण्यागोविंदानं नांदली की अकूर.

आज शहरात चर्चच्या गायकवृंदांची स्पर्धा होती. होडीत बसल्यापासून बायकांचा कलकलाट चालला होता.

तीन महिन्यांपूर्वी वृंदातला खर्ज गाणारा म्हातारा आजारी पडला. योमिमानं खाडीपलीकडच्या पेला, म्हणजे शपथेनं जोडलेल्या, गावाकडे माणूस मागितला. दोन्ही गावांच्या पूर्वजांनी एकमेकांचं रक्त पिऊन शपथ घेतलेली. पेलानं मागितलं तर नाही म्हणायचं नाही, आणि दोन्ही गावांत सोयरीक करायची नाही. सगळी भावंडंच.

त्या गावानं मार्तेनला पाठवलं. तो गायला, की समुद्राचा तळ गुणगुणल्यासारखं वाटे. योमिमा हातानं ताल धरी आणि नजर दुसरीकडे ठेवी.

होडीतच शिदोरी सुटली. काडीवर गुंडाळताना मार्तेनचा पापेडा, सागोच्या पिठाची चिकट खळ, सदऱ्यावर घसरला.

"काय रे," दोर्चेमावशी म्हणाली, "तुमच्या गावात पापेडा तोंडानं खातात की सदऱ्यानं?"

"सदऱ्यालाही भूक लागते, मावशी."

सगळी होडी हसली.

दुपारी त्यांचं गाणं झालं. शेवटचा अकोर असा लागला, की परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. पहिला नंबर. बायका पायऱ्यांवरच नाचू लागल्या. दोर्चेमावशीनं तर पाळकबुवांनाच मिठी मारली.

योमिमा बाजूच्या कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिली. मार्तेन मागोमाग आला.

"दादा, आता पुन्हा आमच्याकडे येऊ नकोस," ती म्हणाली.

"माझं काही चुकलं?"

"चुकतंय माझं. भावाकडे बघू नये, तसं मी तुझ्याकडे बघते."

मार्तेन एक पाऊल पुढे आला.

"तिथल्या गावप्रमुखांनी स्पर्धा होईपर्यंत तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. त्यांचे गाणारे सगळे मासेमारीला गेलेले, आणि पेलाला नाही कसं म्हणायचं? म्हणून मला, शाळेतल्या मास्तरला धाडलं. मला दादा म्हणू नकोस, योमिमा. मी सुंबा बेटाचा. मी त्या गावचा नाहीच."