‘मृत’ लिहिलेली बाटली

बाटलीवर प्रमिलाबाईंच्याच अक्षरात लिहिलं होतं : ‘सिरियम ऑक्साइडवर निकेल. मृत. १९८४.’ कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन करणारी ही राखाडी उत्प्रेरक पावडर तीन दिवसांत थंडावली आणि बाईंनी पीएचडी सोडून शाळेत नोकरी धरली होती.

“मेली नव्हती, मॅडम. काजळीनं गुदमरली होती,” बाईंच्या जुन्या प्रयोगशाळेतली आजची संशोधक अश्लेषा म्हणाली. “हवेत तापवून काजळी जाळली, मग हायड्रोजन देऊन निकेल पुन्हा मोकळं केलं. आता बघा.”

“म्हातारीला उगीच आशा लावू नकोस.”

अश्लेषानं तापलेल्या पावडरीवर कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सोडले. क्रिया झाली तर पाणीही तयार होतं, म्हणून बाई काचेच्या नळीच्या थंड टोकाकडे बघत राहिल्या. दहा मिनिटं नळी कोरडीच. बाईंनी पर्स उचलली.

तेवढ्यात काचेवर वाफ धरली. एक थेंब जमला, ओघळला.

बाईंनी पेन मागितलं, बाटलीवरचा ‘मृत’ शब्द खोडला. मग हळूच विचारलं, “पीएचडीच्या प्रवेशाला वयाची अट असते का गं?”