श्वासातली शिट्टी

बोईसरला केमिकल कंपनीच्या मागच्या चाळीत देवराम लग्नगीतांच्या कॅसेटी तयार करायचा. आजच्या टेपवर कीबोर्ड आणि रिदम मशीनच्या आवाजात गाणाऱ्या ठमीचा गळा बुडत होता. त्याने बेस उतरवला, कीबोर्ड मागे सारला. ठमीचा आवाज लख्ख पुढे आला. पण आता दर ओळीनंतर, श्वास घेताना, एक बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली.

“सर्दी झालीय का तुला?” त्याने शेजारी बसलेल्या ठमीला विचारलं.

“नाय दादा. आमी हिकडं रायला आलो, तदीपासून हाय. चाळीत सगल्यांनाच हाय.”

“मला तर नाही,” म्हणत देवरामने टेप बंद केली, हेडफोन काढला.

खोली शांत झाली. ठमीने स्वतःचा श्वास रोखून धरला. शिट्टी तरीही वाजतच होती.

“दादा,” ती हळूच म्हणाली, “तुमाला कदीपासून हाय?”